क्लिकव्ह्यू आणि अण्णांची तांबडी पेन्सिल

नाशिकला पंचवटीत, मार्केट यार्डाच्या अलीकडे आमची घाऊक पेढी आहे. द्राक्षाची खतं नि औषधं. शेतकऱ्याला थेट विकत नाही. दिंडोरी, वणी, मोहाडी, ओझर, पिंपळगाव, निफाड, चांदवड या बाजूच्या कृषी सेवा केंद्रांना टेम्पोने माल पोचवतो. दुकानं साधारण अडीचशे. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर माझे सासरे, अण्णा, त्या अडीचशे नावांची यादी छापून मागायचे आणि तांबड्या पेन्सिलीने काही नावांपुढे टिंब द्यायचे. नव्या माणसाला वाटायचं, ही उधारीवाली मंडळी. तसं नव्हतं. टिंब म्हणजे, "हा यंदा आला नाही."

उधारी कोणीही काढून देईल. टॅली, आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, एका मिनिटात थकबाकी दिवसांप्रमाणे लावून देते. पण जो आलाच नाही त्याचं बिल नसतं, आणि बिल नाही म्हणजे वहीत तो माणूसच नाही. ही न झालेली खरेदी अण्णा डोक्यात ठेवायचे. २०१२ मध्ये त्यांनी पेढीवर येणं कमी केलं तेव्हा यादी माझ्या हातात आली, पेन्सिलही आली. टिंब कुठे द्यायचं ते मात्र आलं नाही.

जाऊबाईंचा मुलगा तेव्हा पुण्यात नोकरीला होता. गणपतीला घरी आला नि माझ्या कॉम्प्युटरवर क्लिकव्ह्यू टाकून गेला, धंद्याचे आकडे चाळून बघायचं सॉफ्टवेअर. एकट्याने वापरायची आवृत्ती फुकट होती. अट एवढीच, की तुम्ही बनवलेली फाईल तुमच्याच मशीनवर उघडणार. दुसऱ्याला पाठवून त्याला ती फुकटच्या आवृत्तीत बघता येणार नाही. मला कुणाला पाठवायचीच नव्हती. "काकू, तुम्ही नुसतं टिचकी मारत बसा, शिकाल आपोआप," असं म्हणून तो मोदक खायला गेला.

दोन वर्षांची बिलं टॅलीतून एक्सेलमध्ये काढली होती, ती त्याने आत ओढून दिली होती. पडद्यावर तीन चौकटी: दुकान, माल, महिना. मी मालाच्या चौकटीत 'गंधक ८०' वर टिचकी मारली. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी आमच्याकडे सगळ्यात जास्त जाणारा माल. ते नाव हिरवं झालं. दुकानांच्या चौकटीत ज्यांनी गंधक नेलं होतं ती नावं पांढरी राहून वर आली आणि ज्यांनी नेलं नव्हतं ती राखाडी होऊन तळाला बसली. नाहीशी झाली नाहीत हो. तिथेच होती, एकेक नाव वाचता येत होतं. मग एका राखाडी नावावर टिचकी मारली, तर गंधकाची निवड सुटून ते दुकान हिरवं झालं आणि त्याने काय काय नेलं ते पांढरं होऊन समोर आलं.

मी खुर्ची मागे सरकवून बघत राहिले. अण्णांची टिंबंच होती ती, रंग तेवढा वेगळा.

तेव्हा हा रिव्ह्यू खरं तर त्या राखाडी रंगाचा आहे. तक्ते, पट्ट्या, गोल चकत्या आता सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. हा रंग कुठून आला ते मी नंतर खोदून काढलं. मला ती सवयच आहे, ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याचं घराणं आधी बघून घ्यायचं.

घराणं स्वीडनचं. दक्षिणेकडे लुंड नावाचं जुनं विद्यापीठाचं गाव आहे, तिथे १९९३ मध्ये ब्यॉर्न बर्ग आणि स्टाफान गेस्त्रेलिउस यांनी कंपनी काढली. नाव क्विकटेक. क्विक म्हणजे क्वालिटी, अंडरस्टँडिंग, इंटरॅक्शन, नॉलेज यांची आद्याक्षरं. पुढे त्याचं स्पेलिंग फिरवून 'क्लिक' केलं, पण क्यू अक्षर तसंच ठेवलं. (आमच्या घरी त्याचा त्रास आहे. फोनवर मुलाला "क्लिक उघड" म्हटलं की तो विचारतो, "कशावर?")

याच लुंडमध्ये १९५१ मध्ये टेट्रा पॅक सुरू झाली होती. आपल्याकडे १९८५ मध्ये फ्रूटी आली नि पोरं नळी खुपसून आंब्याचा रस प्यायला लागली, ते खोकं याच कंपनीचं. क्विकटेकच्या पहिल्यावहिल्या गिऱ्हाइकांत टेट्रा पॅक होती. त्यांची अडचण यंत्रांची होती: कोणता भाग, कोणती सामग्री कुठल्या यंत्राला चालते, आणि कुठल्याला चालत नाही. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग बघा. साध्या डेटाबेसला "काय चालतं" विचारलं की तो यादी देतो आणि गप्प बसतो. इथे जे चालत नाही तेही त्याच पडद्यावर दिसायला हवं होतं. हिरवा-पांढरा-राखाडी या तीन रंगांचं मूळ ते. म्हणजे दुधाच्या खोक्यांच्या यंत्रासाठी केलेली युक्ती माझ्या गंधकाला लागू पडली.

गंमत म्हणजे त्याच १९९३ मध्ये डेटाबेसच्या शास्त्राचे मोठे जाणकार एडगर कॉड यांनी 'ओलॅप' हा शब्द रूढ केला, आणि बाकीचं जग बरीच वर्षं त्या वाटेने गेलं. ओलॅपमध्ये माहितीचा ठोकळा बांधतात. तालुक्याप्रमाणे, महिन्याप्रमाणे, मालाप्रमाणे बेरजा आधीच मारून ठेवायच्या, म्हणजे विचारल्यावर उत्तर झटकन मिळतं. आदल्या रात्री डबे भरून ठेवण्यातला प्रकार. पोळीभाजी मागितली तर लगेच हातात, थालीपीठ मागितलं तर घरात पीठ असूनही उपाशी. लुंडच्या मंडळींनी डबे भरलेच नाहीत. सगळी माहिती कॉम्प्युटरच्या मेमरीत चढवायची आणि टिचकीसरशी हिशोब तिथल्या तिथे करायचा. त्या काळी मेमरी महाग आणि तुटपुंजी, त्यामुळे हे वेडेपणाचं वाटलं असणार.

मग ती मावायची कशी? यातली करामत मला फार आवडते, कारण ती आपल्या जुन्या खतावणीसारखी आहे. समजा तीन लाख ओळींची विक्री आहे आणि प्रत्येक ओळीत गावाचं नाव आहे. गावं १४०. क्लिकव्ह्यू प्रत्येक गाव एकदाच लिहून त्याला क्रमांक देतं, आणि तीन लाख ओळींत नुसता तो क्रमांक ठेवतं. १४० नावांना आठ बिट पुरतात, म्हणजे 'पिंपळगाव बसवंत' या लांबलचक नावाला ओळीत एका अक्षराएवढीही जागा लागत नाही. आमचे जुने मुनीम खातेपान क्रमांक लिहायचे, पूर्ण नाव लिहीत नसत, तेच हे. आतलं इंजिन घडवण्यात हॉकन वोल्गे या प्रोग्रामरचा मोठा हात. संस्थापकांची नावं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा.

या पद्धतीचा एक न मागितलेला फायदा असा, की चौकटीत प्रत्येक वेगळं नाव एकदाच दिसतं आणि आपली घाण उघडी पडते. आमच्याकडे पिंपळगाव बसवंत पाच तऱ्हांनी लिहिलेलं निघालं. पिंपळगाव ब., पिंपळगांव बसवंत, पी. बसवंत, अनुस्वार असलेलं, नसलेलं. एक तर 'बसवत' होतं. दोन संध्याकाळी बसून मी ती गावं एका नावाखाली आणली, मगच पुढे गेले. वाचणाऱ्यांपैकी कुणी असलं सॉफ्टवेअर, कुठलंही, घेणार असाल तर आधी गावं आणि मालाची नावं नीट करा. विक्रेता हे सांगत नाही, कारण त्यात त्याचा पैसा नाही.

आता माझा घोटाळा सांगते. विक्रीच्या जोडीला वसुलीचा तक्ता चढवायचं मी मनावर घेतलं. विक्रीच्या तक्त्यात पार्टी, तारीख, रक्कम, बिल नंबर. वसुलीच्या तक्त्यात पार्टी, तारीख, रक्कम, पावती नंबर. दोन्ही आत ओढले. क्लिकव्ह्यूचा नियम असा, की दोन तक्त्यांत रकान्याचं नाव एकच असेल तर ते आपणहून जुळवतं. त्याने तिन्ही रकाने जुळवले, म्हणजे पार्टी तीच, तारीख तीच आणि रक्कमही तीच असेल तरच ती विक्री त्या वसुलीशी जोडलेली. असं कधी होतं? रोखीत. पावत्या निवडल्या की रोखीची तेवढी बिलं पांढरी, उधारीवाल्या दुकानांची सगळी बिलं राखाडी. मला वाटलं, पंचवीस-तीस गिऱ्हाइकं हातची गेली. पुतण्याला विचारायची तसदी न घेता थेट फोन लावायला बसले. तिसरा फोन ओझरला. "वहिनी, तुमचा टेम्पो कालच खाली करून गेला. बिल हातात आहे माझ्या, वाचून दाखवू का?"

उपाय एका ओळीचा होता. माहिती चढवायच्या आज्ञेत तारखेला 'विक्रीची तारीख', 'वसुलीची तारीख' अशी वेगळी नावं द्यायची, रकमेलाही तसंच, आणि दुवा फक्त पार्टीचा ठेवायचा. या आज्ञांच्या यादीला स्क्रिप्ट म्हणतात. ते काही भयंकर नसतं, आपल्या पाककृतीसारखं वरून खाली वाचायचं. पण वाचल्याशिवाय चूल पेटवू नये, हे मी ओझरच्या दुकानदाराकडून शिकले. आजही मी दिसले की तो "वहिनी, आम्ही आहोत अजून" म्हणतो.

असल्या सॉफ्टवेअरला 'बिझनेस इंटेलिजन्स' म्हणतात. तो शब्द ऐकून कुणी बिचकत असेल तर सांगते, शब्द जुना आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी तो १९५८ मध्ये वापरला, आणि आजच्या अर्थाने तो १९८९ पासून हॉवर्ड ड्रेसनर यांनी रुळवला. नाशिककरांना तर याचं अप्रूप असूच नये. गोदावरीला पूर आला की आम्ही किती क्युसेक सोडलं ते नंतर विचारतो. आधी विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? कंबरेला म्हणजे काय, गळ्याला म्हणजे काय, हे भांडी बाजारातल्या लहान पोरालाही कळतं. इतका स्वच्छ डॅशबोर्ड मी अजून कुठल्या कंपनीचा बघितला नाही.

बाजारात काय झालं ते थोडक्यात. २००७ हे या धंद्यात मोठे मासे लहान मासे गिळण्याचं वर्ष. ओरॅकलने हायपेरियन घेतली, सॅपने फ्रान्सची बिझनेस ऑब्जेक्ट्स, आयबीएमने कॅनडाची कॉग्नोस. लुंडची कंपनी त्या जाळ्यात सापडली नाही. २००४ मध्ये अ‍ॅक्सेल आणि जेरुसलेम व्हेंचर पार्टनर्स यांचे पैसे आले होते, २००७ पासून लार्स ब्यॉर्क मुख्याधिकारी होते, आणि जुलै २०१० मध्ये शेअर १० डॉलरने अमेरिकेच्या नॅस्डॅकवर आला. मुख्यालय पेनसिल्व्हेनियात गेलं, प्रोग्रामर बरेचसे लुंडलाच राहिले. २०१६ मध्ये इलियट या फंडाने शेअर घेऊन रेटा लावला, आणि त्याच वर्षी थोमा ब्रावो या गुंतवणूकदारांनी ३०.५० डॉलरच्या भावाने, सुमारे ३०० कोटी डॉलरला, अख्खी कंपनी घेऊन शेअर बाजारातून बाहेर काढली. १० चे साडेतीस, सहा वर्षांत. व्यापाऱ्याच्या घरात याला वाईट कोणी म्हणणार नाही.

पण मधल्या काळात वारं फिरलं होतं. स्टॅनफर्डच्या संशोधनातून २००३ मध्ये निघालेली टॅब्लो देखणेपणावर लोकांना जिंकत होती. आणि जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवर बीआय हे आपलं याच जातीचं सॉफ्टवेअर खुलं केलं, माणशी महिना दहा डॉलरला एक सेंट कमी. एप्रिल २०२५ पासून ते १४ झालं, तरी बाकीच्यांपुढे किरकोळच. पुढे जून २०१९ मध्ये तर पाच दिवसांच्या आत गूगलने लुकर आणि सेल्सफोर्सने टॅब्लो घेत असल्याचं जाहीर केलं, टॅब्लोचे १,५७० कोटी डॉलर. म्हणजे सगळ्यांच्याच मागे आता कुणीतरी मोठा शेठ आहे. क्लिकने स्वतःही दुकानं विकत घेतली, २०१९ मध्ये अ‍ॅट्युनिटी, २०२३ मध्ये टॅलेंड. ही माहिती इकडून तिकडे वाहून नेणारी सॉफ्टवेअरं. यावरून कंपनीचं लक्ष आता मोठ्या कारखान्यांकडे आहे हे कळतं. पंचवटीतल्या गाळ्याकडे नाही, आणि त्यात त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही.

२०१४ मध्ये त्यांनी क्लिक सेन्स आणलं. दिसायला नवं, ब्राउझरमध्ये चालतं, मोबाईलवरही नीट बसतं. इंजिन त्याच जातकुळीचं. मात्र तिथे राखाडीच्या दोन छटा आहेत. फिकी म्हणजे त्याच चौकटीत तुम्ही दुसरं काही निवडलं म्हणून बाजूला पडलेला पर्याय, गडद म्हणजे खरोखर बाहेर गेलेला. तर्काने बरोबर आहे, फरक उपयोगाचाही आहे. पण चाळिशीपुढच्या डोळ्यांना आणि ट्यूबलाइटखालच्या पडद्याला दोन राखाडी वेगळे दिसायला वेळ लागतो. क्लिकव्ह्यूचं रूपडं जुनाट, बटणं विंडोज एक्सपीच्या काळातली वाटतात, तरी मला तेच सोयीचं पडतं.

मग घ्यावं का? पेढीवरच्या बाकी मंडळींसाठी आम्ही पॉवर बीआय ठेवलं आहे. आमचे फिरते सेल्समन भाऊ मोबाईलवर आपल्या तालुक्याचा आकडा बघतात, त्यांना तेवढंच हवं असतं आणि ते स्वस्तात होतं. सहा-सात माणसांचं दुकान असेल तर मीही तेच सांगेन. पण त्यात मी गंधक निवडलं की ज्यांनी नेलं नाही ती दुकानं यादीतून निघून जातात. दाखवायची सोय आहे, सेटिंगमध्ये जाऊन मागावी लागते. मागावी लागते म्हणजेच, आपल्याला काय दिसत नाही हे आधी ठाऊक असायला हवं. म्हणून सीझन लागायच्या आधी दोन दिवस मी माझ्या टेबलावर क्लिकव्ह्यूच उघडते. ज्यांच्याकडे गिऱ्हाईक परतपरत येतं अशा धंद्यांना, औषधाचे घाऊक व्यापारी, सुट्या भागांचे पुरवठादार, दुधाची वितरणं, यांना तो रंग पैसे देऊन घेण्यासारखा आहे. ज्यांचं गिऱ्हाईक एकदाच येतं, लग्नाचा हॉल म्हणा, त्यांनी या भानगडीत पडू नये.

पहिल्याच सीझनची वणीची गोष्ट राहिली. त्या बाजूचं एक दुकान गंधकाच्या यादीत तळाला होतं, नोव्हेंबर-डिसेंबर दोन्ही. पोटॅश नेत होता, जीए हे मणी फुगवायचं संजीवक नेत होता, सूक्ष्म अन्नद्रव्यं नेत होता, महिन्याला दोन बिलं ठरलेली. फक्त गंधक नाही. मागे गेले तर जानेवारी २०११ पर्यंत नेलेलं दिसत होतं, नंतर एक किलोही नाही. फोन केला. आधी म्हणाला, "असंच." मग म्हणाला, "दोन खोकी भिजलेली आली होती, वहिनी. १,८६० रुपये. क्रेडिट नोट देतो म्हणाले, तीनदा सांगितलं. म्हटलं जाऊ दे, गंधक दुसरीकडून घेऊ. बाकीचा माल तुमचा चांगला असतो." भाऊंच्या जुन्या डायरीत ती चिठ्ठी सापडली, पिनेने टोचलेली, कुणी बिलाला लावलीच नव्हती. त्याच दिवशी क्रेडिट नोट काढली.

संध्याकाळी घरी अण्णांना सांगितलं. त्यांनी त्या वर्षांच्या छापील याद्या मागितल्या, माळ्यावरून काढून दिल्या. चष्मा सारखा करत त्यांनी वणीचं पान काढलं. त्या नावापुढे टिंब नव्हतं.

"येत होता की हा," अण्णा म्हणाले.

"येत होता. गंधक नेत नव्हता."

त्यांनी बोट त्या नावावर तसंच ठेवलं. जरा वेळाने म्हणाले, "असे अजून कोण कोण आहेत, उद्या काढून आण. आणि पेन्सिल कुठंय माझी?"